पुरावा असूनही

झाशीचे अधिपती गंगाधरराव नेवाळकर यांचे नाट्यवेड सर्वश्रुत आहे. त्याच गावी विद्यार्थ्यांसमवेत कुंदन शहा यांचा 'जाने भी दो यारो' (१९८३) हा हिंदी चित्रपट पाहण्याचा योग नुकताच आला. सभागृह सारखे हसत होते. अखेरीस एका विद्यार्थिनीने विचारले, "छायाचित्रे तर होती, मग शिक्षा छायाचित्रकारांनाच का?" या चित्रपटाच्या लौकिकात हरवलेला प्रश्न नेमका हाच होय.

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अल्प भांडवलावर निघालेली ही कृती प्रथम फारशी चालली नाही. पुढे ती लोकप्रिय झाली, पण 'धमाल प्रहसन' म्हणून. लोकप्रियता म्हणजे आकलन नव्हे.

दोन होतकरू छायाचित्रकार एका उद्यानात छायाचित्रे काढतात. ती मोठी करून पाहताना त्यांना खुनाचा सुगावा लागतो. उद्यानाचे नाव 'अंतोनिओनी पार्क'. इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनी यांच्या 'ब्लो-अप' (१९६६) या चित्रपटाला केलेले हे मिस्कील अभिवादन आहे. साम्य मात्र येथेच संपते. तेथे पुरावा नाहीसा होतो आणि सत्य कळू शकते काय, हा प्रश्न उरतो. आपल्या मुंबईत सत्य सर्वांनाच ठाऊक असते. प्रश्न केवळ त्याच्या किमतीचा असतो. बिल्डर, पालिकेचा अधिकारी, पोलीस आणि भक्ती बर्वे यांनी रंगविलेली संपादिका, सारेच ती किंमत वसूल करू पाहतात. सिमेंट-वाटपाच्या प्रकरणावरून जानेवारी १९८२ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले होते. त्याच्या पुढच्या वर्षी आलेल्या या चित्रपटातील कोसळणारा पूल प्रेक्षकांना परका वाटण्याचे कारण नव्हते.

द्रौपदी-वस्त्रहरणाचा प्रवेश निव्वळ धांगडधिंगा आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो मला मान्य नाही. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त (१९०७) प्रेक्षकांनी कीचकाच्या ठायी कर्झन ओळखला, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. तेथे अन्याय करणारा कोण आणि सोसणारी कोण, याविषयी संदेह नव्हता. येथे द्रौपदीच्या वेषात आयुक्ताचे प्रेत आहे, आणि रंगमंचावर घुसलेल्या प्रत्येकाला ते आपल्या ताब्यात हवे आहे. तिची विटंबना थांबवावी म्हणून कोणी धावत नाही. जो तो आपला वाटा मागतो. महाभारतातील सभा निदान मौन तरी पाळून होती. या शहराची सभा सौदा करते.

म्हणून शेवट महत्त्वाचा. कैद्यांच्या वेषातील दोघे मुंबईच्या गर्दीतून चालत जातात. कोणी वळूनही पाहत नाही. मग ते आपल्याकडे पाहून गळ्यावरून हात फिरवतात. तो हावभाव खलनायकांसाठी नाही. दोन तास हसत बसलेल्या आपणा साक्षीदारांसाठी आहे. त्या विद्यार्थिनीला मी एवढेच म्हणालो की, पुरावा पाहणारे पुष्कळ होते, त्याला साक्ष देणारे कोणी नव्हते.