गरज हाच निकष हवा

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आमच्या धर्मग्रामांतून गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. रविवारच्या मिस्सानंतर सभागृहात खुर्च्या मांडल्या जातात, प्रमुख पाहुण्यांना शाल-श्रीफळ अर्पण होते आणि नव्वद टक्के मिळविणाऱ्या मुलामुलींच्या हाती पाकिटे पडतात. या कौतुकास आमचा विरोध नाही. शिक्षणाच्या नावाने गोळा केलेला निधी या पाकिटांतच संपतो, याला आहे. त्याच सभागृहात मागच्या रांगेत एम.ए. किंवा एम.एस्सी. करू पाहणारा एखादा पदवीधर बसलेला असतो. पदवीला त्याला पंचावन्न टक्के मिळालेले असतात, वसतिगृहाची अनामत भरण्यास पैसे नसतात आणि पुकारल्या जाणाऱ्या नावांत त्याचे नाव नसते. समाजाच्या शैक्षणिक मदतीवर पहिला हक्क त्याचा आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

मालेगावसारख्या गावाचे उदाहरण घ्यावे. येथे अनेक घरांची चूल यंत्रमागावर चालते. जितके कापड विणले जाईल तितकी मजुरी. वीज गेली, सूत महागले, की तीही आटते. पदवीपर्यंत मुलगा घरी जेवून महाविद्यालयात जातो, म्हणून कसेबसे निभावते. पुढे हवा तो विषय गावात नसला, की नाशिक सुमारे शंभर किलोमीटर आणि पुणे तीनशेच्या आसपास. मग खोली, खानावळ, प्रवास, परीक्षा शुल्क अशी खर्चाची रांग लागते. शिवाय मुलगा एकवीस वर्षांचा झाला, आता त्याने चार पैसे आणावेत, ही घराची अपेक्षा असते आणि ती चूक नव्हे. म्हणजे ज्या वळणावर मदतीची निकड सर्वांत अधिक, नेमक्या त्याच वळणावर आमचे दातृत्व थांबते.

याच तालुक्यातील कवळाणे गावी १८६३ साली एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. त्या महाराजा सयाजीराव गायकवाडांचे नाव आज मालेगावच्या महाविद्यालयाला आहे. १९०७ साली मुंबईत मॅट्रिक झालेल्या एका विद्यार्थ्याला ७५० पैकी २८२ गुण होते. आमच्या आजच्या कोणत्याही व्यासपीठावर त्याला कोणी बोलाविले नसते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्याच्यासाठी शब्द टाकला, सयाजीरावांनी दरमहा २५ रुपये देऊ केले आणि १९१३ मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर त्याला कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणास पाठविले. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

या कथेचा उत्तरार्धही लक्षात ठेवावा. शिष्यवृत्तीची मुदत सरल्याने १९१७ मध्ये त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धा सोडून परतावे लागले. पुढे स्वतःची बचत, मित्र नवल भाथेना यांच्याकडील कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य, यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. ज्या बुद्धिमत्तेपुढे पुढे जगाने मान लवविली, तिचीही अर्ध्या वाटेवर संपलेल्या मदतीमुळे अशी कोंडी झाली. मग आमच्या मुलांची काय कथा? एकदा दिलेले पाकीट ही बक्षिसी होय. मदत अभ्यासक्रमाच्या शेवटापर्यंत पोचावी लागते.

शासन आहे ना, असे कोणी म्हणेल. शासनाकडे जरूर जावे. तेथे अर्ज करणे हा नागरिकाचा हक्क आहे. परंतु त्या आधारावर विसंबून राहण्याची स्थिती नाही. केंद्राने २००७-०८ मध्ये अल्पसंख्याकांसाठी आणलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाच्या मर्यादेबरोबर मागील परीक्षेत पन्नास टक्के गुणांची अट होती. संशोधक विद्यार्थ्यांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून बंद करण्यात आली. अन्य योजनांत पैसा मंजूर झाला, तरी शुल्क पावसाळ्यात भरायचे आणि रक्कम खात्यात पुष्कळदा वर्ष उलटताना यायची. मधले महिने सावकाराचे.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की गरज पाहून दिले तर गुणवत्तेची किंमत राहणार नाही. पण पदवी उत्तीर्ण होऊन विद्यापीठाने ज्याला प्रवेश दिला, त्याची पात्रता विद्यापीठानेच ठरविली आहे. ती पुन्हा तोलण्याचे काम आमच्याकडे कोणी सोपविले? नव्वद टक्केवाल्यांपैकी अनेकांच्या शिकवणीचे शुल्क आईवडिलांनी भरलेले असते. त्यांच्या गौरवात खरा गौरव पाकीट देणाऱ्याचा होतो, हे कटू असले तरी सत्य आहे.

दुसरा आक्षेप लबाडीचा. गरज खरी की खोटी, हे कोण पाहणार? २०२३ मध्ये केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्यांच्या तपासणीत १५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बनावट किंवा बंद आढळल्या आणि प्रकरण सीबीआयकडे गेले. ही लबाडी कागदांच्या आडून झाली. धर्मग्रामात घरे एकमेकांना ओळखतात. तेथे कागदापेक्षा उंबरठा अधिक सांगतो. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोबत्यांसह जी संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था उभारली, तिचे कार्यच मुळी गरिबाच्या घरी गाजावाजा न करता जाण्याचे. अनेक धर्मग्रामांत तिची शाखा आहे. मग तपासणार कोण, हा प्रश्न उरतो कोठे?

खरी अडचण निराळीच आहे. आमच्या घरांना मागण्याची लाज वाटते, आणि ती लाज आम्हीच निर्माण केली आहे. देताना नाव पुकारायचे, छायाचित्र काढायचे, वर्षभर आठवण करून द्यायची. अशा दानापुढे कोणता स्वाभिमानी बाप हात पसरील? उजव्या हाताचे दान डाव्यालाही कळू नये, ही प्रभूची शिकवण आम्ही प्रवचनात ऐकतो आणि व्यासपीठावर विसरतो. द्राक्षमळ्यातील धन्याने शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली. नाशिक जिल्ह्यात राहून द्राक्षमळ्याचा तो दाखला आम्हांस उमगू नये, हे नवलच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने शैक्षणिक निधीचा मोठा वाटा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा. अर्ज एका पानाचा असावा. तो धर्मगुरू व दोन विश्वासू व्यक्तींनीच वाचावा. प्रवेशाच्या वेळी रक्कम परस्पर महाविद्यालयात किंवा वसतिगृहात भरावी आणि विद्यार्थी उत्तीर्ण होत जाईल तोवर ती दरवर्षी चालू ठेवावी. नाव कोठेही छापू नये. जमाखर्च मात्र धर्मग्रामापुढे पैशापैशाने मांडावा. आणि पालकांनो, असा अर्ज निघाला तर तो निःसंकोच भरा. ज्या दानपेटीत तुम्ही वर्षानुवर्षे आपल्या मजुरीतील नाणी टाकलीत, तिच्यातून मुलाच्या शिक्षणासाठी काही घेणे ही भीक नव्हे.

येत्या निकालांनंतर शाली थोड्या कमी खरेदी झाल्या, तरी कोणाचे काही अडणार नाही. वसतिगृहाची अनामत मात्र ठरल्या दिवशीच भरावी लागते.