मिळणार काय?

"खरं, त्यातनं मिळणार काय?"

गेल्या दोन महिन्यांत आमच्या घरी चहा घेऊन गेलेल्या बहुतेक प्रत्येकानं हा प्रश्न विचारला आहे. विचारणाऱ्यांत प्राध्यापक आहेत, कापडाचे व्यापारी आहेत, बस्तीत रोज माझ्या शेजारी बसून स्वाध्याय करणाऱ्या बायका आहेत. प्रश्न माझ्या पुतणीबद्दलचा. धाकट्या दिरांची ही मुलगी सतरा वर्षांची आहे, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला. कुणाला न विचारता तिनं युरोपातल्या एका साहस-शिबिराचा अर्ज भरला. निरनिराळ्या देशांतली मुलं तिथं आल्प्सच्या डोंगरात दहा दिवस एकत्र राहणार, चालणार, दोरावर चढणार, आणि त्यातल्या थोड्यांना पुढच्या लांब मोहिमेसाठी निवडणार. हिला शिबिराचं बोलावणं आलं. निवड व्हायची आहे अजून. हे "व्हायची आहे" लोकांना सहन होत नाही.

निवड झाली असती तर पेढे मागितले असते. नाही झाली असती तर "जाऊ दे गं, अभ्यास कर" म्हणून मोकळे झाले असते. मधल्या दिवसांचं काय करायचं, ते आपल्या समाजाला ठाऊकच नाही. निकालाआधी मूल आनंदात असलं की आपल्याला ते उधारीवर चैन केल्यासारखं वाटतं.

मला मात्र या दोन महिन्यांत जे दिसलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या पोरीला उठवायला तिच्या आईला तीन हाका लागत, ती पाचला उठून व्हॅक्सिन डेपोत पळायला जाते. पाठपिशवीत दहा किलो तांदूळ भरून रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड चढून येते. (तांदूळ संध्याकाळी पुन्हा डब्यात. सासूबाई त्याला "गड चढून आलेले तांदूळ" म्हणतात.) गच्चीवरच्या वाळवणाच्या दोरीला इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या गाठी बसल्या आहेत की कपडे वाळत घालताना माझी पंचाईत होते. शिबिराला येणाऱ्या इतर मुलांशी ती रात्री फोनवर बोलते. त्यांच्यातल्या एका मुलीनं बर्फ कधी पाहिलेलाच नाही, आणि एका मुलाला पाण्याची भीती आहे, जी त्यानं घरात सांगितलेली नाही. हे तिनं मला स्वयंपाकघरात शेंगा सोलताना सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "मोठीआई, बर्फाला वास असतो काय गं?"

मिळायचं ते मिळतंच आहे की हो! आणखी काय मिळायला हवं?

आता विरोधाकडे येते. विरोध दोन बाजूंनी आहे, आणि दुसरी बाजू मला जास्त घातक वाटते. पण पहिली आधी.

पहिली बाजू ओळखीची. पोरीची जात, परका देश, डोंगर, तंबू, सोबत मुलगे. आणि आमच्यात सगळ्यांत मोठा मुद्दा म्हणजे "खाणार काय तिथं?" कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. प्रश्न खोटा नाही. पण उत्तर मिळवायच्या इच्छेनं तो कुणी विचारत नाही. आयोजकांना आम्ही पत्र लिहिलं, उत्तर आलं, शाकाहाराची सोय आहे. उरलेल्यासाठी कडक भाकरी आणि बिनलसणाची शेंगाचटणी आहे. आमच्या आज्या-पणज्या हीच शिदोरी घेऊन यात्रेला गेल्या. आणि सूर्यास्ताचं म्हणाल तर जूनमध्ये आल्प्सच्या बाजूला दिवस रात्री नऊपर्यंत असतो. माझी पुतणी तिथं इथल्यापेक्षा आरामात नियम पाळेल. हे मी एका वन्संना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तसं नव्हे गं." कसं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

याच वन्सं आठ वर्षांपूर्वी सम्मेद शिखरजीला गेल्या होत्या. मी सोबत होते. मधुबनहून पहाटे तीनच्या आधी निघायचं. नऊ किलोमीटर चढ, वर सगळ्या टोंकांचं दर्शन करत आणखी नऊ, आणि नऊ उतार. सत्तावीस किलोमीटर, अनवाणी. वन्संना मधुमेह आहे. डोलीवाले मागं लागले होते, यांनी डोली घेतली नाही. खाली आल्यावर पायांना फोड, डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर असं काही तेज की मी पुन्हा कधी पाहिलं नाही. जाण्याआधी सहा महिने त्या रोज संध्याकाळी किल्ल्यातल्या कमल बस्तीपर्यंत चालत जात होत्या, सवय व्हावी म्हणून. त्यांना कुणी विचारलं होतं, "मिळणार काय?"

तिथं धर्म आहे, इथं खेळ आहे, असं कुणी म्हणेल. मान्य. तीर्थयात्रा आणि गिर्यारोहण एक नव्हे, आणि मी ते एक करायलाही निघालेले नाही. पण शरीराला झेपेल की नाही याची धाकधूक आणि त्या धाकधुकीतच उगवणारं बळ तेच असतं. साठीच्या बाईत आपण त्याला श्रद्धा म्हणतो. मग सतराव्या वर्षी तेच थेर कसे होतात? आमच्या आर्यिका माताजी गावोगाव पायी विहार करतात, ऊन बघत नाहीत, दगड बघत नाहीत. त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला आपण रांग लावतो आणि घरी येऊन पोरीला म्हणतो, उन्हात जाऊ नको, काळी पडशील.

२३ मे १९८४ला बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचल्या तेव्हा मी सतरा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा तिसावा वाढदिवस होता. एम. ए., बी. एड. झालेली गढवालची मुलगी, मनासारखी नोकरी नाही, आणि आसपासचे लोक विचारत होते की डोंगर चढून पोट भरणार काय. शिखराच्या आठवडाभर आधी रात्री हिमकडा कोसळून त्यांचा तंबू गाडला गेला, डोक्याला मार लागला. तरी त्या खाली परतल्या नाहीत. हे मी वर्तमानपत्रात वाचलं आणि कात्रण तत्त्वार्थसूत्राच्या पुस्तकात ठेवलं, कारण ते पुस्तक अण्णा माझ्या हातातून कधी काढून घेत नसत.

दोन वर्षांनी बी. ए.ला असताना एन.सी.सी.तून गिर्यारोहणाच्या शिबिरासाठी माझं नाव निघालं. पत्र घरी यायचं होतं. तीन आठवडे मी वाट पाहिली. त्या तीन आठवड्यांत मी विहिरीचं पाणी दोन-दोन घागरी वर चढवत होते, जिना एका दमात चढत होते, आरशात स्वतःकडे वेगळ्या नजरेनं बघत होते. पत्र आलं नाही. मी समजले, नाव कापलं गेलं, मीच कमी पडले असणार. अण्णा गेले त्या वर्षी त्यांचं लोखंडी कपाट आवरताना ते पत्र मला सापडलं, घरपट्टीच्या पावत्यांखाली. त्यांनी "नको" म्हटलंच नव्हतं. फक्त पत्र दिलं नव्हतं.

मी गेले असते तर बचेंद्री झाले असते असं नाही. बहुधा पहिल्याच रात्री थंडीनं रडले असते. पण "मी कमी पडले" ही समजूत मी सतरा वर्षं वागवली, आणि ती खोटी होती. अण्णांवर राग नाही असं म्हणायला हवं या वयात. आहे थोडा.

आता दुसरी बाजू. ही शिकलेल्यांची, हौशी आईबापांची. माझी जाऊ आधी रडली, नंतर एकदम उत्साहात आली, आणि तिथून खरा घोळ सुरू झाला. कुणीतरी सांगितलं की अशा शिबिरांत "इंप्रेशन" महत्त्वाचं. झालं. व्यक्तिमत्त्व विकासाचा एक क्लास लागला. "मलाच का निवडावं" या प्रश्नाचं इंग्रजी उत्तर एका सरांनी लिहून दिलं, त्यात पोरीच्या तोंडी अशी वाक्यं घातली की ऐकून वाटावं ही कुठल्या कंपनीची साहेब. ती ते पाठ करत गच्चीवर फिरायला लागली आणि गाठी बांधायचं थांबलं. चार दिवसांत तोंड उतरलं तिचं. रात्री माझ्याकडे येऊन म्हणाली, "मोठीआई, मी सिलेक्ट नाही झाले तर आईनं भरलेले पैसे वाया जाणार ना?"

पहिल्या बाजूनं तिचा आनंद अडवायचा प्रयत्न केला, तो तिनं जुमानला नाही. दुसऱ्या बाजूनं तो चार दिवसांत संपवला. सीईटी, नीट, जेईई यांनी आपलं डोकं असं घडवलं आहे की मुलाला कुणी डोंगरावर बोलावलं तरी आपल्याला तिथं कटऑफ दिसतो.

याला शिबिरं भरवणारेही जबाबदार आहेत, त्यांना मी सोडत नाही. माइक हॉर्न हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले नामांकित साहसवीर. २००८ ते २०१२ या काळात त्यांनी आपल्या 'पँजिया' या शिडाच्या जहाजावरून जगभरातल्या तरुण मुलांना मोहिमांवर नेलं, आणि निवडीसाठी स्वित्झर्लंडच्या शातो-द या गावी शिबिरं घेतली. कल्पना चांगली होती, जग स्वतः पाहिलेली मुलं जगाची काळजी घेतील अशी. पण थोड्या जागा आणि पुष्कळ मुलं असं झालं की सोळाव्या वर्षी पोराला कॅमेऱ्यापुढे बसून स्वतःची जाहिरात करावी लागते, आणि ज्याच्या घरी कॅमेरा आणि इंग्रजी दोन्ही आहे तो पुढे सरकतो. मुळात हे शिक्षण ज्यासाठी सुरू झालं त्यात हे कुठंच नव्हतं. १९४१मध्ये, महायुद्ध चालू असताना, वेल्सच्या किनाऱ्यावर अ‍ॅबरडोव्हीला कुर्ट हान यांनी 'आउटवर्ड बाउंड'ची पहिली शाळा काढली. जहाजं बुडत होती, आणि जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांचं म्हणणं असं की नावेत तग धरण्यात म्हातारे खलाशी तरण्या पोरांपेक्षा सरस ठरतात, कारण त्यांनी आधी हाल सोसलेले असतात. म्हणून पोरांना समुद्राची आणि स्वतःची ओळख करून द्यायची. तिथं प्रश्न जगण्याचा होता.

आणि निवड करायचीच तर ती कशी करावी, हे फार लांब जाऊन बघायला नको. निजामाबाद जिल्ह्यातली मालावत पूर्णा, शेतमजुरांची मुलगी, समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेत शिकणारी. शाळांमधल्या मुलांना भोंगीरच्या कातळावर चढायला नेलं, त्यातून पुढे दार्जिलिंगला, तिथून लडाखला. २५ मे २०१४ला ती एव्हरेस्टवर होती, अजून चौदा पूर्ण व्हायची होती. तिच्या आईबापांनी कुठला क्लास लावला होता? पोरीला कातळापुढे उभं केलं, आणि ती चढली.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियात सेमानगमला जागतिक स्काउट मेळावा भरला, चाळीस हजारांवर मुलं उघड्या मैदानात, उन्हानं शेकडो आजारी पडली, ब्रिटन आणि अमेरिकेची पथकं आधीच निघून गेली, आणि शेवटी वादळ येतंय म्हणून सगळं मैदान रिकामं करावं लागलं. तेव्हा डॉक्टर कोण, विमा कसला, किती मुलांमागं एक शिक्षक, हवा बिघडली तर काय, हे आईनं विचारलंच पाहिजे. आम्ही विचारलं, लेखी उत्तरं घेतली, एका उत्तरावर समाधान झालं नाही म्हणून पुन्हा विचारलं. हे प्रश्न आणि "मिळणार काय?" यांत फरक आहे.

क्लास आता बंद केला आहे. त्यासाठी मी जावेशी भांडले, दोन दिवस आम्ही एकमेकींशी फक्त मिठाच्या डब्यापुरतं बोललो. सरांनी लिहून दिलेला कागद पुतणीनं बाजूला ठेवला आणि स्वतःच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत दुसरा लिहिला. त्यात पहिलंच वाक्य आहे की मी अजून काहीच केलेलं नाही. जावेला ते वाक्य पसंत नाही. मला आहे.

व्हिसा झाला. बेंगळुरूला त्यासाठी गेलो तेव्हाच बूट घेतले, सहा दुकानं फिरून, कारण चामड्याचे नको होते. असे बूट आधी पायात मुरवावे लागतात म्हणे, नाहीतर डोंगरात फोड येतात. पण पावसानं बाहेर चिखल, आणि आमच्या घरात उंबऱ्याच्या आत पायताण आलेलं कधी कुणी पाहिलेलं नाही. पोरगी बूट हातात घेऊन सोप्यात उभी, मी आणि जाऊ दोघी एकमेकींकडे बघतोय. या दोन महिन्यांत शिबिराबद्दल हो की नाही, एक शब्द न बोललेल्या आमच्या सासूबाई माळ ओढत कोपऱ्यात बसल्या होत्या.

"नवेच आहेत न्हवं?" त्या म्हणाल्या. "घाल की मग. देवघराकडं तेवढी येऊ नकोस."

आता रात्री जेवणं आटोपली, म्हणजे सूर्य बुडायच्या आत, की सोप्यापासून मागच्या दारापर्यंत तिच्या बुटांचा आवाज सुरू होतो. पन्नास फेऱ्या. सासूबाई माळेवर मोजतात.