तळहातांचा घाम : उपचाराच्या पायऱ्या

कापडाचे ठाण उलगडताना बोटांचे ओले ठसे उमटतात, खातेवहीत लिहिताना पानावर शाई पसरते आणि ग्राहकाने हात पुढे केला की आपला हात नकळत मागे जातो. अशा तरुणाला पेढीवरील वडीलधारी मंडळी ‘भित्रा’ किंवा ‘लाजाळू’ ठरवून मोकळी होतात. वास्तविक हा स्वभावदोष नव्हे, विकार आहे. आणि त्यावर उपचार आहेत.

मनुष्याच्या त्वचेत सुमारे 20 ते 40 लक्ष स्वेदग्रंथी असतात. घामाच्या योगे शरीराचे तापमान आटोक्यात राहते. काही व्यक्तींमध्ये मात्र या ग्रंथींना चालना देणाऱ्या मज्जातंतूंचे कार्य गरजेपेक्षा अधिक होते. तळहात, तळपाय, काखा किंवा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखाच भिजू लागतो. हा त्रास बहुधा बालपणी वा किशोरवयात सुरू होतो, अनेकदा आई-वडिलांपैकी कोणास तरी असतो, आणि झोपेत थांबतो. काळजीने तो वाढतो हे खरे. परंतु केवळ काळजीतून तो उत्पन्न होत नाही.

याउलट, घाम सर्वांगास येत असेल, रात्री अंथरूण भिजत असेल किंवा प्रौढ वयात त्रास नव्याने सुरू झाला असेल, तर त्यामागे दुसरे कारण शोधावे लागते. थायरॉइडचा विकार, क्षयरोग, रजोनिवृत्ती किंवा चालू असलेले एखादे औषध, यांपैकी काहीही कारण असू शकते. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यास एकाएकी घाम फुटून थरथर सुटली, तर रक्तातील साखर उतरल्याची ती खूण असू शकते. छातीत दडपण येऊन थंड घाम सुटल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

तळहातांच्या घामावरील उपचार पायरीपायरीने करावयाचे असतात. पहिली पायरी लेपाची. ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण रात्री पूर्ण कोरड्या त्वचेवर लावून सकाळी धुवावे. त्याने घामाची सूक्ष्म छिद्रे तात्पुरती बंद होतात. काही रात्रींनंतर गुण आला, की आठवड्यातून एकदा-दोनदा लावणे पुरते. त्वचा ओली असताना लावल्यास आग होते. पुष्कळ जण येथेच चुकतात आणि औषध निरुपयोगी ठरवतात.

दुसरी पायरी आयन्टोफोरेसिसची. पाण्याच्या उथळ तबकात हात ठेवून त्यातून 20 ते 30 मिनिटे सौम्य विद्युत्प्रवाह सोडतात. आरंभी आठवड्यातून साधारण तीनदा, पुढे गुण टिकवण्यासाठी एकदा. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गर्भवतींनी हा उपचार घेऊ नये.

ग्लायकोपायरोलेट, ऑक्सिब्युटिनिन यांसारख्या गोळ्या सर्वांगाचा घाम कमी करतात. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, दृष्टी अंधुक होणे आणि लघवीस अडथळा हे त्यांचे दुष्परिणाम होत. घाम घटल्याने उन्हाळ्यात शरीर तापण्याचा धोकाही असतो. म्हणून चौविहार किंवा निर्जल उपवास करणाऱ्यांनी आपला नेम डॉक्टरांना आधीच सांगावा, आणि तपश्चर्येच्या दिवसांत गोळी घ्यावी की नाही हे त्यांच्याच सल्ल्याने ठरवावे.

बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनांना अमेरिकेत 2004 साली काखेतील तीव्र घामासाठी मान्यता मिळाली. तळहातांसाठीही ती दिली जातात. गुण काही महिने टिकतो, नंतर ती पुन्हा घ्यावी लागतात. तळहातावर ती दुखतात आणि काही काळ पकड ढिली होऊ शकते. नाजूक दागिने हाताळणाऱ्या सराफाने हा विचार आधी करावा.

शेवटची पायरी शस्त्रक्रियेची. छातीतील मज्जातंतूंची साखळी दुर्बिणीद्वारे छेदतात किंवा चिमट्याने दाबून बंद करतात. तळहात तत्काळ कोरडे होतात, आणि म्हणूनच विवाह ठरण्यापूर्वी ‘एकदाचे करून टाकू’ असा आग्रह घरातून होतो. परंतु हातांचा थांबलेला घाम पाठ, पोट आणि मांड्यांवर फुटू लागणे हा या शस्त्रक्रियेनंतर वारंवार आढळणारा परिणाम आहे. काहींना तो मूळ त्रासाहून असह्य होतो, आणि छेदलेला तंतू खात्रीने पूर्ववत करता येत नाही. एकदा घेतलेला माल परत होणार नाही, अशी पाटी या सौद्यावर आहे. आधीचे उपाय नीट करून पाहिल्यावाचून आणि हा धोका रुग्णास स्वतःला पूर्ण समजल्यावाचून या वाटेला जाऊ नये.

आरंभ साधाच असावा. त्वचारोगतज्ज्ञांची भेट घ्यावी. घाम कधी, कोठे, किती येतो आणि झोपेत थांबतो का, हे चार ओळींत लिहून न्यावे. औषध गुणास येईपर्यंत हाताशी रुमाल असू द्यावा, पायांत सुती मोजे असावेत. आणि घरातील थोरांनी मुलाच्या ओल्या हातावर चारचौघांत बोलणे थांबवावे. तेवढ्यानेही त्याच्या मनावरचा भार पुष्कळ हलका होतो.