पार्लर जुनं, हिशोब मात्र नव्याने मांडा



माझ्या जावेच्या सुनेचं मुरुडमधलं पार्लर १२ वर्षं चालू आहे. आता तिला फेशियलचं मशीन घ्यायचंय, त्यासाठी मुद्रा कर्ज. किशोर गटात ५० हजारांच्या पुढे ५ लाखांपर्यंत मिळतं. बँकेने नवा प्रोजेक्ट रिपोर्ट मागितला, तर तिने मोबाईलवरून एक उतरवून आणला. त्यात बाराही महिने सारखीच कमाई! मला हे पटत नाही. चालत्या धंद्याचा आराखडा आपल्याच वहीतून निघायला हवा.

आपल्याकडे महिने कुठे सारखे असतात? सोयाबीन विकलं की बायकांच्या हातात पैसा येतो. तुळशीच्या लग्नानंतर आणि चैत्र-वैशाखात नवऱ्या मुलींची गर्दी. चातुर्मासात लग्नं नाहीत, आपल्या बायका तर पर्युषणात पार्लरची पायरीही चढत नाहीत. हप्ता मात्र भाद्रपदातही तेवढाच. म्हणून मागच्या दोन वर्षांची वही काढून महिन्यावार जमा लिहावी, आणि सगळ्यात कमी जमेच्या महिन्यात हप्ता निघतो का, ते आधी बघावं.

दुसरं जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या सेवेवरचा कर १८ वरून ५ टक्के झाला, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट गेली. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या आपल्यासारख्या पार्लरला नोंदणीच लागत नाही, म्हणजे वजावट आधीही नव्हती. मग "कर कमी झाला" म्हणून नफा फुगवून दाखवायचा कशाला? शॅम्पू, केसांचं तेल ५ टक्क्यांवर आलं, तेवढी बचत खरी. मशीनच्या बिलावरचा कर पूर्ण किमतीत धरायचा.

सामानाची यादीही नव्याने करावी. लिपस्टिकचा लाल रंग कधीकधी कार्माइनचा, म्हणजे किड्यांपासून काढलेला असतो. आपल्या बायका आता डबी उलटून वाचतात. (वाचायलाच हवं.) गिऱ्हाईक टिकवायचं तर हे बघावंच लागेल.

आणि सगळ्यात मोठी चूक आपण सगळ्याच बायका करतो ती ही: कामावरच्या मुलीचा पगार खर्चात लिहिते, स्वतःचा नाही. खोली घरची, म्हणून भाडंही शून्य. असा नफा कागदावर छान दिसतो हो! पण उद्या बाळंतपणात किंवा दुखण्यात तिच्या जागी दुसरी ठेवावी लागली, तर तो पगार कुठून काढणार? "काकू, घरच्याच धंद्यात पगार कसला?" म्हणाली. मी बी.कॉम. झाले तेव्हापासून हेच ऐकतेय. तिने दिवसाचे आठ तास धरून स्वतःची मजुरी लिहावी, उरेल तो नफा.

एवढं मांडून मग कर्जाचा आकडा ठरवावा. मशीन तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर आणलं, तर पहिले हप्ते लग्नसराईतच निघतील. आषाढात आणलं तर पदरचे घालावे लागतील.