शोधूनही सापडत नाही, त्याला सर्च म्हणतात?

मंडळी, बऱ्याच मराठी साईट्सवर सर्च बॉक्स असतो तो नुसता शोभेला! आमच्या पनवेलजवळचा 'कर्नाळा' टाईप करा. लेखात 'कर्नाळ्याचा', 'कर्नाळ्यावर' असेल तर उत्तर येतं: काहीही सापडले नाही. प्रत्यय लागला की शब्दाचं रूप बदलतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक, प्रोग्रामरला नको? 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक 'अॅ' किंवा 'ऍ' लिहीत, अजूनही लिहितात. वाचणाऱ्याला अक्षर एकच, कॉम्प्युटरला तीन! अहो, इंडेक्स करताना ही रूपं एकत्र आणा, सामान्यरूपावरून मूळ शब्द काढा, ह्रस्व-दीर्घ माफ करा. 'लोकांनीच नीट टाईप करावं' ही शुद्ध पळवाट आहे. जो लेख सापडत नाही, तो वाचकासाठी लिहिलेलाच नाही.