संस्था सेवाभावी असली तरी करार लेखीच हवा

‘आपलं काम सेवेचं. सगळी ओळखीची माणसं. कागद कशाला रंगवायचे?’ बारामती आणि इंदापूर तालुक्यांत शाळा, वसतिगृहं, वाचनालयं, पाणलोटाची कामं चालवणाऱ्या संस्थांच्या बैठकांत हे वाक्य आलं की पुढची चर्चा थांबते. बोलणारा बहुतेक वेळा संस्थेतला सर्वांत जुना आणि सर्वांत स्वच्छ हाताचा माणूस असतो. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्याचं मत मात्र संस्थेच्या मुळावर येणारं आहे.

त्याची बाजू आधी पूर्ण मांडतो. बारामतीच्या जिरायती पट्ट्यात दुष्काळाच्या काळात ‘कासा’ या संस्थेच्या मदतीनं कामाच्या मोबदल्यात धान्य देऊन पाझर तलाव बांधले गेले. लोकांनी माती उपसली, बांध घातले. 1971 मध्ये ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट आणि 1972 मध्ये विद्या प्रतिष्ठान उभं राहिलं. हे सगळं वकिलांनी नव्हे, शब्द पाळणाऱ्या माणसांनी केलं, असं तो म्हणेल. करार मागितला की समोरचा दुखावतो, नात्यात व्यवहार शिरतो, असंही म्हणेल.

यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे. माणसं शब्दाची होती, पण ज्या संस्था टिकल्या त्यांचा जन्मच कागदानं झाला. सार्वजनिक न्यास म्हटला की न्यासपत्र आलं, घटना आली, धर्मादाय कार्यालयातली नोंद आली, दरवर्षीचं लेखापरीक्षण आलं. आणि ‘दानाला कागद लावणं आपल्या रीतीत बसत नाही’ हा समज तर इतिहासाला सोडून आहे. आपल्याकडे दान सर्वांत आधी लिहिलं जाई, तेही ताम्रपटावर नाहीतर दगडावर. आद्य मराठी शिलालेखांत गणला जाणारा अक्षीचा लेख दानलेखच आहे आणि दान मोडणाऱ्यासाठी त्यात शाप कोरलेला आहे. महाराष्ट्रात गावोगावी सापडणारे गद्धेगाळ, म्हणजे असे शाप कोरलेले दगड, हे करारभंगाचं कलमच. दान देणारा राजा, घेणारी देवता, तरीही भंग करणाऱ्याचा बंदोबस्त लेखात केलेला. तेव्हा कुणी दुखावलं गेल्याची नोंद नाही.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. दोन मित्रांनी आपापसांत शब्दावर व्यवहार केला आणि तो बुडाला, तर नुकसान त्या दोघांचं. संस्थेचा अध्यक्ष शब्दावर व्यवहार करतो तेव्हा पणाला लागलेली वस्तू त्याची नसते. वसतिगृहात राहणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या मुलीची ती असते, आणि ती मुलगी बैठकीला हजर नसते. ठेकेदार, देणगीदार, जागामालक, अध्यक्ष या सगळ्यांना बोलायला तोंड आहे. तिच्या बाजूनं बोलणारं टेबलावर काही असेल तर तो करार. स्वतःच्या पैशावर विश्वास टाकणं हा मनाचा मोठेपणा. दुसऱ्याच्या ठेवीवर विश्वास टाकायचा तर आधी त्या ठेवीची सोय लावायला हवी.

जमिनीचंच पाहा. गावातले एक आजोबा शाळेसाठी अर्धा एकर ‘देतात’. नारळ फुटतो, खोल्या बांधल्या जातात, फोटो लागतो. सात-बारावर नाव आजोबांचंच राहतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 123 व्या कलमानुसार स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसह लेखी आणि नोंदणीकृत असावंच लागतं. तोंडी दान कायद्याच्या दृष्टीनं झालेलंच नसतं. पंचवीस वर्षांनी रस्ता रुंद होतो, जमिनीचा भाव चढतो, आणि नातवंडांच्या हातात वारसनोंद असते. मी त्या नातवंडांना लोभी म्हणणार नाही. त्यांच्या आजोबांनी काय कबूल केलं होतं हे त्यांना कळावं, असं काहीच कुणी मागे ठेवलेलं नसतं. कबुलीचा साक्षीदार गेला की दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही भांडण उभं राहतं.

इंदापूरकरांना तर हे कुणी शिकवायला नको. या तालुक्यात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी साखर कंपनीला खंडानं दिल्या. 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आला, 1963 मध्ये शेती महामंडळ झालं, वालचंदनगर आणि रत्नापुरीचे मळे महामंडळाकडे गेले आणि खंडकरी शेतकऱ्यांच्या पिढ्या जमीन परत मिळवण्यासाठी लढत राहिल्या. इथं प्रतिपक्ष मला अडवू शकतो: खंडाचा कागद होता ना, मग त्यानं काय वाचवलं? प्रश्न रास्त आहे. कागदानं जमीन जाण्याचं टळलं नाही. पण आजोबांचं नाव दप्तरात होतं म्हणून नातू ‘खंडकरी’ म्हणून मागणी करू शकला. नाव नसतं तर त्याच्याकडे दुःख असतं, हक्क नसता.

संस्था जागा घेण्याऐवजी देते तेव्हाची बाजूही तितकीच निसरडी आहे. शेजारच्या भल्या माणसाला संस्थेचे गाळे पाच वर्षांसाठी देऊन टाकले, मुदत ओघानं बोलली गेली, एवढ्यावर विषय संपत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या 36 व्या कलमानुसार न्यासाची शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक काळ भाडेपट्ट्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ही मर्यादा किती विश्वस्तांना तोंडपाठ आहे?

दुसरा आक्षेप तरुण कार्यकर्त्यांचा, आणि मला तो जास्त बोचतो. ‘मसुदा कंपनीचाच असतो. आपण सही करायची, नाहीतर पैसे जातात.’ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचा सामाजिक दायित्व निधी 2013 च्या कंपनी कायद्यामुळे गावापर्यंत पोचू लागला हे चांगलंच झालं. पण मार्च जवळ आला की इंग्रजीतला वीस-बावीस पानी करार ईमेलनं येतो, दोन दिवसांत सही मागितली जाते आणि शेवटचं पान तेवढं छापून सही होते. आतल्या पानांवर काय असतं? वादाचं न्यायालय दिल्लीचं. कंपनी तीस दिवसांच्या सूचनेनं करार संपवू शकते, संस्थेला मात्र ती मुभा नाही. मुलांची छायाचित्रं कंपनीनं कुठंही वापरावीत. झालेल्या कोणत्याही नुकसानीची भरपाई संस्थेनं करावी. बारामतीत जिल्हा न्यायाधीशांचं न्यायालय असताना इंदापूरच्या संस्थेनं दोन लाखांच्या वादासाठी दिल्ली गाठायची, हे तिनं स्वतःच्या सहीनं मान्य केलेलं असतं.

बदल सुचवला तर पैसे जातील ही भीती बरीचशी निराधार आहे. कंपनीलाही घाई असते. चालू प्रकल्प नसेल तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत कायद्यानं नेमलेल्या निधीत भरावी लागते. प्रकल्प बहुवर्षीय म्हणून मंजूर असेल तर ती तीस दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन वर्षं वापरता येते. म्हणून ‘हे काम किती वर्षांचं’ हे करारात असणं दोघांच्या सोयीचं आहे. विचारणारी संस्था कंपनीला अडचणीची वाटत नाही, उलट काम समजणारी वाटते.

परदेशी निधीचं तर तोंडी चालतच नाही. त्यासंबंधीच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीपासून असा निधी दुसऱ्या कुठल्याही संस्थेकडे वळवता येत नाही. पुण्यातल्या मोठ्या संस्थेनं गावातल्या छोट्या संस्थेला त्यातला हिस्सा द्यावा ही जुनी रीत बंद झाली. ‘आमचं ठरलंय’ म्हणून ती चालू ठेवणारा आपली नोंदणी धोक्यात घालतो.

वकिलाचा खर्च परवडत नाही, हा मुद्दा मी फार ताणणार नाही. प्रत्येक कराराला वकील लागत नाही. बोअर मारणाऱ्याशी, मंडपवाल्याशी, मानधनावरच्या शिक्षिकेशी केलेला करार दोन पानांत, मराठीत होतो. करार इंग्रजीतच हवा असा कुठलाही नियम नाही. जमीन, इमारत, मोठं अनुदान एवढ्यासाठी वकील गाठावा, आणि त्याची फी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आधीच धरावी.

आता देणगीच्या शब्दाबद्दल, कारण तो सर्वांत नाजूक. सभेत कुणी पाच लाख जाहीर करतो, टाळ्या पडतात, पैसे येत नाहीत. 1886 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. हावड्याच्या सभागृहासाठी एकानं शंभर रुपयांचा आकडा घातला. त्या वर्गणीच्या भरवशावर बांधकामाचा करार झाला. न्यायालयानं शंभर रुपये द्यायला लावले. 1914 मध्ये अलाहाबादला उलट झालं. मशिदीच्या दुरुस्तीसाठी पाचशे कबूल केलेले, पण काम सुरूच झालं नव्हतं, म्हणून वसुली फेटाळली गेली. तेव्हा देणगीदाराकडून आकडा, हप्ते, तारखा आणि ‘या भरवशावर संस्था बांधकाम हाती घेत आहे’ एवढं वाक्य लिहून घ्यावं. खरोखर देणार असलेल्या माणसाला याचा राग येत नाही.

लिहून झाल्यावर तो कागद कुठं असतो, हा प्रश्न उरतोच. बहुतेक संस्थांत तो सचिवाच्या घरी असतो. सचिव बदलला की करारही जातो. संस्थेच्या कार्यालयात एक करार नोंदवही हवी: कुणाशी, कशासाठी, किती रकमेचा, कधी संपतो, अहवाल कधी द्यायचा, सही करायचा अधिकार कोणत्या ठरावानं दिला. दर तीन महिन्यांच्या सभेत ती वही उघडावी आणि येत्या तिमाहीत संपणारे करार मोठ्यानं वाचावेत. पाण्याच्या टाकीचं काम असेल तर निधी देणारी कंपनी गेल्यावर मोटर जळाली तर तिचा खर्च कोण भरणार, ग्रामपंचायत की संस्था, हेही त्याच करारात आणि ग्रामसभेच्या ठरावात यावं. यंदा मार्चच्या घाईत कंपनीचा मसुदा आला तर विश्वस्तांनी त्याचं मराठी भाषांतर मागावं, न्यायालयाच्या कलमात दिल्ली खोडून बारामती लिहावं, आणि शेवटच्या पानाबरोबर आतल्या प्रत्येक पानावर सही करावी.