हसू सुटलं, म्हणून काय झालं?

मी टीव्ही सेंटरला राहतो. बाहेरगावच्या वाचकांचा गैरसमज नको म्हणून सांगतो, टीव्ही सेंटर हे आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या हडको भागातल्या एका चौकाचं नाव आहे. तिथे रिक्षावाले सीट भरतात, भाजीवाले कोथिंबीर विकतात आणि मी फ्लॅटचे हप्ते फेडतो. टीव्हीशी माझा अधिकृत संबंध एवढाच. पण ज्याच्या पत्त्यातच टीव्ही आहे त्याला टीव्हीविषयी बोलायचा चार आणे जास्त अधिकार असतो, असं माझं मत आहे. देवळाशेजारी राहणारा माणूस नाही का पुजाऱ्याच्या चुका काढत?

फरक इतकाच, की आज मी चुका काढणाऱ्यांच्याच चुका काढणार आहे.

आमच्या बँकेत दुपारी अर्धा तास जेवणाची सुट्टी असते. (असते, असं निदान पाटीवर लिहिलेलं आहे.) त्या अर्ध्या तासात पाच डबे उघडतात आणि आदल्या रात्रीच्या टीव्हीचा निकाल लागतो. न्यायासनावर अर्थातच आमचे हेड कॅशियर. उभ्या नोकरीत ज्यांची कॅश एकदाही कमी-जास्त भरली नाही असे हे गृहस्थ. त्या दिवशी आरोपी होती 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. गुन्हा असा, की प्रहसन चालू असताना एका नटाला स्वतःलाच हसू फुटलं. त्यानं पाठ फिरवली, खांदे हलले, समोरचीनं पदर तोंडात कोंबला आणि पाच-सात सेकंद महाराष्ट्राचं मनोरंजन ठप्प झालं.

"मला एक सांगा," हेड कॅशियर पोळीचा तुकडा माझ्यावर रोखून म्हणाले, "हे लोक पैसे हसवायचे घेतात का हसायचे? उद्या मी नोटा मोजता मोजता खी खी करायला लागलो तर चालेल का?"

कर्ज विभागातल्या मॅडम म्हणाल्या, "आमच्या ह्यांना तर वाटतं पाठांतरच नसतं. मधेच गप्प काय होतात, एकमेकांकडे बघतात काय! बघणाऱ्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होतं."

आमचा शिपाई दाराशी उभा होता. तो म्हणाला, "काही नाही साहेब, मुद्दाम करतेत."

ही तीन मतं म्हणजे मराठी प्रेक्षकाची झाडून सगळी मतं. लग्नात, रिक्षात, दाढीच्या दुकानात, कुठेही जा, या तिन्हीच्या पलीकडे चौथं मत मिळत नाही. २०१८ पासून हा कार्यक्रम सोनी मराठीवर लोक बघताहेत आणि बघून झाल्यावर नावं ठेवताहेत. त्याआधी २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या' होतं, तेव्हाही तेच. भाऊ कदम साडी नेसून नुसते उभे राहिले तरी समोरच्या नटाची दातखीळ बसायची, आणि आमच्या डब्याच्या टेबलावर "तयारी नाही" असा शेरा पडायचा. समीर चौघुले, नम्रता संभेराव यांनी एखादं वाक्य ऐनवेळी वाकडं केलं, की समोरच्याची तारांबळ दिसते. ही तारांबळ बघायलाच मी टीव्ही लावतो. लिहिलेला विनोद मला पुस्तकातही वाचता येतो. वीजही कमी जळते.

आता एकेकाचा हिशेब करू. मी कॉमर्सचा पदवीधर आहे, मला दुसरं काही येत नाही.

मॅडमच्या ह्यांचा आक्षेप पाठांतराचा. त्यांना माझी नम्र विनंती, की त्यांनी हा आक्षेप थेट विष्णुदास भाव्यांवर घ्यावा. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीला भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून आपण तो दिवस रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो, हार घालतो, भाषणं करतो. पण त्या नाटकांत पदं म्हणायचा सूत्रधार, आणि पात्रं आपापलं बोलणं प्रसंग पाहून तिथल्या तिथे करायची. संवाद लिहून हातात द्यायची सोय पुढची. म्हणजे मराठी नाटक जन्मलं तेच मुळी पाठांतराशिवाय! एखाद्या राक्षसाला युद्धाच्या ऐन भरात शब्द सापडला नसेल, तो नुसताच ओरडला असेल, आणि पुढच्या रांगेतल्या एखाद्या सांगलीकरानं शेजाऱ्याला म्हटलंही असेल, "तयारी नाही हो."

तेवढ्या लांब जायचीही गरज नाही. आमचं गाव पैठण तालुक्यातलं. भारुडं लिहिली नाथांनी, सोळाव्या शतकात. पण सोंग घेऊन उभा राहणारा गडी नाथांवर थांबत नाही. समोर बसलेला सरपंच, गेल्या वर्षीचा दुष्काळ, चहावाल्याची उधारी, सगळं तो त्यात ओढतो. मी सात-आठ वर्षांचा असताना अण्णांच्या खांद्यावर बसून एक भारूड पाहिलं. बाईचं सोंग घेतलेल्या माणसानं अशी काही गिरकी घेतली की त्याचं गंगावन सुटून थेट मृदंगावर पडलं. सगळी माणसं स्तब्ध. सोंगाड्यानं क्षणभर गंगावनाकडे बघितलं, ते उचललं, मृदंगवाल्याच्या टकलावर ठेवलं आणि त्यालाच "अगं सवती" म्हणून हाक मारली. पुढची दहा मिनिटं तो आणि ती सवत! मृदंग बंद, टाळ बंद, टाळकरी जमिनीवर लोळताहेत. भारूड कोणतं होतं ते आज मला आठवत नाही. गंगावन आठवतं.

'विच्छा माझी पुरी करा' लिहिलं वसंत सबनीसांनी. पण दादा कोंडके त्यात रोज नवी भर घालत आणि माणसं तेच वगनाट्य पुन्हा पुन्हा बघायला जात. एकदा ऐकलेल्या विनोदासाठी दुसऱ्यांदा तिकीट काढण्याइतका मराठी माणूस उधळ्या नाही. आज दादा काय घालतील, याचे ते पैसे होते.

मग तयारी नकोच का? हवी. आमच्याच विद्यापीठातल्या नाट्यविभागाचे डॉ. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटेच ५२ माणसं व्हायचे. ते बघताना वाटायचं, की याला आत्ताच सुचतंय. आत्ताच सुचल्यासारखं वाटायला किती वर्षं घासावी लागतात ते घासणाऱ्याला ठाऊक. ज्याच्या पायाखाली पक्की जमीन असते तोच घसरून दाखवू शकतो. आपण घसरलो तर नुसते पडतो.

माझा एक भाचा पुण्याला हिंजवडीत आहे. दिवाळीत आला तेव्हा त्यानं मला लॅपटॉपवर एक अमेरिकन मालिका दाखवली, 'कर्ब युवर एन्थुझिअॅझम'. लॅरी डेव्हिड नावाचा एक टकला गृहस्थ. २००० साली सुरू झाली आणि २०२४ मध्ये संपली. तिच्यात म्हणे प्रसंगांचा आराखडा तेवढा लिहिलेला असतो. संवाद नट तिथल्या तिथे बोलतात. माणसं एकमेकांना मधेच तोडतात, अडखळतात, नको ते बोलून बसतात, आणि मग सगळे गप्प. भाचा तोंडावर उशी घेऊन हसत होता. "मामा, हे जे अवघडल्यासारखं होतं ना, तोच यातला विनोद आहे. कळलं का?"

मला कळलं होतं. संध्याकाळी मी त्याला हास्यजत्रा लावून दिली. दहा मिनिटांत तो मोबाईल काढून बसला. "मामा, फार बटबटीत आहे हो. आणि स्वतःच हसतात."

म्हणजे न्यूयॉर्कचा अडखळला की शैली आणि लालबागचा अडखळला की पाठांतर कच्चं! भाच्याला मी काही बोललो नाही. बहिणीचा मुलगा, त्यातून त्यानं येताना चितळ्यांची बाकरवडी आणली होती. पण माझ्या मनात ही नोंद नावे पडून आहे.

राहिला शिपाई. त्याचं मत सर्वांत लहान, पण सर्वांत वजनदार, कारण ते थोडं खरं आहे. काही नट मुद्दाम हसतात. एकदा लोकांना सुटलेलं हसू आवडलं हे कळलं, की ते विकायला काढणारे निघणारच. मी काउंटरवर वीस वर्षं नोटा मोजतोय. खोटी नोट कशी ओळखता, असं लोक विचारतात. जलचिन्ह बघा, धागा बघा, निळ्या दिव्याखाली धरा, हे सगळं खरं. पण बोटांना आधीच कळलेलं असतं. खोटी नोट जरा जास्तच गुळगुळीत लागते. हसण्याचं तसंच आहे. खरंच हसू फुटलेला नट ते लपवायला जातो. ओठ चावतो, पाठ फिरवतो, टेबलाखाली काहीतरी पडल्याचं निमित्त करून वाकतो, आणि लाजतो. ती लाज नकली करता येत नाही. खोटं हसणारा कॅमेऱ्याकडे तोंड करून हसतो, आणि त्याचं हसू बरोबर वाक्य संपल्यावर येतं, वेळापत्रकानुसार. पण बाजारात खोट्या नोटा आल्या म्हणून कोणी रिझर्व्ह बँक बंद करा म्हणत नाही. पारखून घ्या.

आणखी एक गोष्ट मी स्वतःहून कबूल करतो, नाहीतर हेड कॅशियर ती जेवताना काढतील. कुणाच्या जाडीवर, काळ्या रंगावर, टकलावर होणारे विनोद मला सोसत नाहीत. त्यात उत्स्फूर्त काही नसतं. ती मुदत ठेव आहे. एकदा पावती केली की दर वर्षी आपोआप नूतनीकरण, व्याज चालू. त्याविरुद्ध कुणी सही मागितली तर माझी पहिली.

पण अडखळण्याविरुद्ध सही मी देणार नाही, आणि त्याचं कारण माझ्या घरात खुर्चीवर बसलेलं आहे.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. ऱ्हस्व-दीर्घासाठी त्यांनी निम्मा तालुका छडीनं सुधारला. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही घसरलं. डोक्यात शब्द असतो, तोंडातून दुसराच निघतो. चष्मा हवा असला की "चटणी" म्हणतात. चूक झाली हे त्यांना लगेच कळतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. मग ते गप्प बसायचे. आम्हीही गप्प. ही घाईघाईनं स्वयंपाकघरात जायची, पोरं मोबाईलमध्ये शिरायची, मी फरशीवरचे डाग मोजायचो. मॅडमचे हे म्हणतात ना, बघणाऱ्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होतं, ते आमच्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ व्हायचं.

एका रात्री हास्यजत्रा चालू होती. एका नटाचं वाक्य अडकलं. त्यानं दोनदा सुरुवात केली, तिसऱ्यांदा भलताच शब्द बाहेर पडला, आणि समोरच्याला जे हसू फुटलं ते आवरेना. थोड्या वेळानं ज्याचं अडकलं होतं तोही त्यात सामील झाला. अण्णांनी डावा हात उचलून टीव्हीकडे दाखवला. "त्या...चं. त्याचं पण!" म्हणाले, आणि हसायला लागले. आवाज नीट निघत नव्हता, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर हातात घेऊन त्यांनी चटणी मागितली. मी चष्मा आणून दिला आणि सवयीप्रमाणे फरशीकडे बघायला लागलो. बराच वेळ काही आवाज नाही म्हणून वर पाहिलं, तर ते माझ्याकडे बघून मिश्कील हसत होते. "चटणी," ते म्हणाले, आणि चष्म्याकडे बोट केलं, "डोळ्...याला. झोंबंल." दोन वर्षांतला हा त्यांचा पहिला विनोद. लिहिलेला नव्हता.

दर नोव्हेंबरला आमच्या बँकेत पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. हात थरथरतात, सही जुन्या सहीशी जुळत नाही. रांगेतला मागचा माणूस "अहो, आटपा की" म्हणतो. पूर्वी मीही घड्याळाकडे बघायचो. आता एखाद्या आजोबांनी तिसऱ्यांदा सही चुकवली, की मी म्हणतो, "होऊ द्या, माझी पण रोज वेगळी येते." ते हसतात, आणि चौथी सही कधी कधी जुळते. नाही जुळली तर अंगठा आहेच.

गेल्या महिन्यात चौथ्या शनिवारी हेड कॅशियर अण्णांना भेटायला आले. येताना डझनभर केळी, आणि चेहऱ्यावर आजाऱ्याला भेटायला जाताना लावतात तो भाव. टीव्हीवर हास्यजत्रेचा जुना भाग चालू होता. मी बंद करायला उठलो तर अण्णांनी हातानं नको म्हटलं. हेड कॅशियर कोचाच्या कडेला बसले, कपबशी सांभाळत. पाच मिनिटांत पडद्यावर व्हायचं ते झालं. एकाचं हसू सुटलं, दुसऱ्यानं पाठ फिरवली. अण्णांनी पाहुण्यांकडे वळून, अगदी वर्गात सांगावं तसं, टीव्हीकडे बोट दाखवून सांगितलं, "हा... आत्ता... भेंडी होणार."

काय होणार ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. अण्णांनाही. त्यांनी "भेंडी" हा शब्द पुन्हा एकदा म्हणून पाहिला, मान हलवली आणि फिसकन हसले. हेड कॅशियर बशी तोंडाला लावण्याच्या बेतात होते. त्यांनी फार प्रयत्न केला. ओठ चावले, भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं, पाठ फिरवली. खांदे हलायला लागले. मग निम्मा चहा कोचाच्या अभ्र्यावर आणि निम्मा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर. अण्णा त्यांच्याकडे बोट दाखवून हसताहेत आणि हे रुमालानं शर्ट पुसत, "माफ करा अण्णा, माफ करा," म्हणत आणखी हसताहेत. तेवढ्यात खालून कुणीतरी "नळ आला!" म्हणून ओरडलं. आमच्याकडे हे वाक्य आठवड्यातून एकदाच कानावर पडतं, त्यामुळे आम्ही घरचे सगळे बादल्या घेऊन पळालो. मी परत आलो तोवर दोघांचं चालूच होतं.

सोमवारी डबा उघडल्या उघडल्या हेड कॅशियर म्हणाले, "शनिवारचं सोडा. माझं मत कायम आहे. कामाच्या वेळी हसणं म्हणजे बेशिस्त. लिहून घ्या."

ते मी इथे लिहून घेतलं आहे.